समुद्रात तेल सापडलं तर किनाऱ्यावरच्या गावाला नक्की काय मिळतं? (गुहागरच्या दादांच्या प्रश्नाला जरा लांबलचक उत्तर)

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं की गुहागरसमोरच्या समुद्रात तेल-गॅस शोधायला कंपन्या येणार अशी गावात जोरात चर्चा आहे. एक गट म्हणतोय तालुक्याचं भाग्य उजळणार, वेलदूरकडचे मच्छीमार म्हणतायत आमचा धंदा बसणार. तुमचा धाकटा भाऊ रस्त्याला लागून आठ गुंठे घेऊन लॉज टाकूया म्हणतोय, आणि मुलगा आयटीआयला फिटर करतोय तर त्याला यात काही स्कोप आहे का.

आधी माझ्याबद्दल. मी उरण-न्हावा पट्ट्यात ऑफशोअर लॉजिस्टिक्समध्येच, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या कामाला माल पोचवण्यातच आयुष्य काढलं, आधी सप्लाय बेसवर (जिथे बोटी माल भरतात तिथे), नंतर बोटी पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे. जमिनीखाली तेल कुठे आहे यातलं मला रिगवरच्या (रिग म्हणजे समुद्रात विहीर खणणारा सांगाडा) जेवणाच्या टेबलावर ऐकलं तेवढंच कळतं. पण या धंद्यातला पैसा कुठून निघतो आणि कुठे जाऊन थांबतो ते रोज बघितलंय, त्यामुळे त्याबद्दलच बोलतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. देशाला फायदा होतो का? होतो, भरपूर होतो, त्यात वाद नाही. गावाला होतो का? तर ते विहीर तुमच्या किती जवळ आहे यावर जवळजवळ अजिबात अवलंबून नसतं. पाइपलाइन किनाऱ्याला कुठे लागते आणि बोटी कुठे भरतात यावर असतं. हे एकदा नीट कळलं की गावातल्या निम्म्या चर्चेचा निकाल लागतो.

देशाचं आधी उरकतो. मुंबई हाय या समुद्रातल्या फील्डचं तेल फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने शोधलं, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. नुकताच १९७३ चा तेलाचा भडका उडाला होता, अरब देशांनी भाव चौपट केले होते, आपल्याकडे परकीय चलनाची बोंब होती, आणि त्यात हे घबाड हाती लागलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथून रोज ४ लाख बॅरलच्या वर तेल निघत होतं, आणि त्या दशकाच्या मध्याला देशाची निम्म्याहून बरीच जास्त गरज देशातल्याच तेलावर भागत होती. आज आपण ८५ टक्क्यांच्या वर क्रूड म्हणजे कच्चं तेल आयात करतो, म्हणजे तेव्हा काय चित्र होतं बघा. म्हणून सरकारला नवीन शोध हवाच आहे, आणि त्यात गैर काही नाही. २०२२ मध्ये संरक्षण वगैरे कारणांनी बंद असलेला सुमारे १० लाख चौरस किलोमीटर समुद्र शोधासाठी मोकळा केला, २०२५ च्या जानेवारीत म्हाताऱ्या झालेल्या मुंबई हायचं उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून घेतलं. तुमच्याकडची चर्चा याच वाऱ्याची आहे.

आता गावाकडे येतो.

सगळ्यात मोठा गैरसमज रॉयल्टीचा, म्हणजे काढलेल्या तेलावर कंपनी सरकारला देते त्या हिश्शाचा. लोकांना वाटतं आपल्या समोर तेल निघालं की राज्याला रॉयल्टी आणि त्यातून जिल्ह्याला पैसा. जमिनीवरच्या तेलाला ते खरंय, गुजरात आणि आसामला मिळते रॉयल्टी. समुद्रातल्या तेलाला नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्राखालची सगळी खनिजं केंद्राची, त्यामुळे मुंबई हायची रॉयल्टी पहिल्या दिवसापासून दिल्लीला जाते. वर क्रूडवर जो सेस (उपकर) आहे तोही केंद्राचाच, आणि रॉयल्टी काय आणि सेस काय, राज्यांना वाटायच्या करांच्या रकमेत दोन्ही येत नाहीत. अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. चंद्रपूरसारख्या खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं, खाणवाल्यांकडून पैसे जमा होऊन त्याच भागातल्या शाळा-दवाखान्यांवर खर्च व्हायचे असतात. ते तेल-गॅसला लागूच नाही, कारण तेलाचा कायदा वेगळा, १९४८ चा. म्हणजे चंद्रपूरच्या कोळशाला जी वाट आहे ती गुहागरच्या तेलाला नाही.

मग राज्याला काहीच नाही का? आहे, पण ते विक्रीवर. पेट्रोल, डिझेल, क्रूड, नॅचरल गॅस अजून जीएसटीच्या बाहेर आहेत त्यामुळे राज्याचा व्हॅट लागतो. मुंबई महापालिका तर २०१७ पर्यंत रिफायनऱ्यांच्या क्रूडवर जकात घ्यायची, आणि जकात हीच पालिकेची मोठी मिळकत होती. आता बघा, हे सगळे पैसे तेल कुठे उतरतं आणि कुठे विकलं जातं त्याच्याशी बांधलेले आहेत. निघतं कुठे, ते कुणी विचारत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे बसीन. १९७६ मध्ये सापडलेलं देशातलं मोठं गॅस फील्ड, नावच वसईवरून पडलं, मुंबईपासून लांब नाही. त्याचा गॅस कुठे लागतो माहितीये? सुरतजवळ हजीऱ्याला. समुद्रातून २०० किलोमीटरच्या वर पाइपलाइन टाकून नेला, कारण पुढे उत्तरेकडच्या खत कारखान्यांना गॅस द्यायचा होता आणि हजीरा ते जगदीशपूर अशी मोठी पाइपलाइन तिथून निघणार होती. त्यानंतर हजीऱ्याचं काय झालं ते जाऊन बघा, खत कारखाना, स्टील, जेट्टी, वीज, एकामागून एक. वसईला काय मिळालं तर नाव. वसईकर कमी पडले असं नाही, पाइप तिकडे वळला एवढंच.

दुसरी बाजू उरणची, कारण मुंबई हायचं तेल आणि गॅस उरणला लागला. तिथला प्लांट सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे, तिथून तेल ट्रॉम्बेकडे रिफायनऱ्यांना जातं आणि गॅसमधून एलपीजी वगैरे काढतात. पण खरी मजा पुढे आहे. त्याच गॅसवर उरणचं वीज केंद्र आलं, ६७२ मेगावॅटचं, थळला आरसीएफ या सरकारी खत कंपनीचा युरियाचा कारखाना आला, नागोठण्याला गॅसमधल्या इथेन-प्रोपेनवर पेट्रोकेमिकल प्लांट आला, उसरला एलपीजीचा. १९९५ मध्ये महानगर गॅस ही कंपनी निघाली आणि पुढे मुंबईच्या रिक्षा, टॅक्सी, बेस्टच्या बस सीएनजीवर गेल्या, लाखो घरांत पाइपचा गॅस आला. अख्ख्या रायगडचं औद्योगिक चित्र त्या एका पाइपने बदललं, मी हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये. अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यात असं एखादं घर नसेल ज्यातलं कुणी ना कुणी या साखळीत कामाला नाही किंवा नव्हतं. नोकऱ्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर (तेल काढायचा कायमचा सांगाडा) नव्हत्या, पाइपच्या या टोकाला होत्या.

अर्थात उरण म्हणजे नुसती दिवाळी नाही. वीज केंद्राला पुढे गॅस कमी पडायला लागला आणि ते पूर्ण क्षमतेने चालेना. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्लांटला आग लागून चार माणसं गेली. १९९३ मध्ये मुंबई हाय-उरण पाइपलाइन फुटून हजारो टन तेल समुद्रात गेलं होतं. प्लांटशेजारी राहणाऱ्याला सायरन वाजला की पोटात गोळा येतो, हे फायद्या-तोट्याच्या तक्त्यात कुठे मांडणार?

आता तुमच्याकडे जे होणार आहे ते यातलं कुठलं? बहुतेक कुठलंच नाही, निदान बरीच वर्षं. कारण आत्ता बोलणं चाललंय ते शोधाचं. आधी सेस्मिक सर्व्हे होतो, म्हणजे आवाजाच्या लाटा सोडून तळाखालचा अंदाज घेतात, जहाज मागे कित्येक किलोमीटर लांब केबल ओढत फिरतं, काही आठवडे ते काही महिने. मग डेटा तपासण्यात वर्ष-दोन वर्षं. मग वाटलं तर रिग येते, एक विहीर दोन-चार महिने खणते, आणि बहुतेक वेळा कोरडी निघते किंवा परवडण्याइतकं सापडत नाही. रिग जाते. सापडलंच तर आणखी विहिरी, मग डेव्हलपमेंट प्लॅन, परवानग्या, प्लॅटफॉर्म, पाइप. पहिल्या विहिरीपासून तेल किनाऱ्याला येईपर्यंत सात-आठ वर्षं सहज जातात. मुंबई हायला दोन वर्षांत जमलं तो काळ आणि ती गरज वेगळी होती.

शोधाच्या काळात गावात किती पैसा येतो ते एका बोटीवरून सांगतो, म्हणजे हवेत बोलणं नको. समजा रिग उभी आहे आणि न्हाव्याच्या जेट्टीवर तिच्यासाठी सप्लाय बोट भरतेय. डेकखाली टाक्यांत डिझेल, ड्रिल वॉटर, पिण्याचं पाणी. सायलोमध्ये बॅराइट, बेंटोनाइट (विहीर खणताना लागणाऱ्या चिखलाची खनिजं), सिमेंट, हे सगळं पावडर असतं आणि पाइपने हवेच्या दाबाने चढवतात, जेट्टीवर उभं राहिलं की कपडे पांढरे. डेकवर केसिंगचे (विहिरीच्या भिंतीला आतून बसवायचे) पाइप साखळ्यांनी बांधलेले, केमिकलच्या पॅलेट, टूलचे बास्केट, आणि एका कोपऱ्यात रेशनचा रीफर (थंड) कंटेनर ज्याच्या मागे कॅम्प बॉस, म्हणजे रिगवरच्या जेवणाखाण्याचा प्रमुख, फोन करकरून जीव खातो कारण रिगवर शंभरेक माणसं जेवायची असतात आणि भाजी संपत आलेली असते. आता मॅनिफेस्ट (मालाची यादी) हातात घ्या आणि एकेक ओळ बघा पैसा कुणाला गेला. बॅराइट आंध्रातलं, मंगमपेटचं. बेंटोनाइट कच्छचं. केसिंग मोठ्या कारखान्याचं किंवा आयात, नशीब असेल तर आपल्या नागोठण्याजवळच्या सुकेळीचं. डिझेल तेल कंपनीचं. भाजी वाशी मार्केटची. मासे-मटण फ्रोझन, एफएसएसएआयचं लायसन्स आणि पॅकिंगची तारीख असलेलं, त्यामुळे वेलदूरच्या जेट्टीवरची ताजी सुरमई रिगवर जाईल हे स्वप्न सोडा. रिग परदेशी कंपनीची किंवा मुंबईतल्या कंपनीची, तिचं भाडं दिवसाला कित्येक लाख, ते तुमच्या बाजाराचं तोंडही बघत नाही. माणसं जुहूहून हेलिकॉप्टरने जातात आणि जुहूलाच उतरतात.

मग लोकल काय? क्रेनखाली स्लिंग लावणारे रिगर, हेल्पर, ट्रेलर आणि त्याचे ड्रायव्हर, फोर्कलिफ्ट, वॉचमन, जेट्टीबाहेरची चहाची टपरी आणि भाड्याच्या खोल्या, बोटीच्या क्रूला स्टेशनवर सोडणाऱ्या गाड्या, बारीकसारीक दुरुस्तीचं वर्कशॉप, बोटीला दोर-रंग-धान्य पुरवणारा शिप चँडलर. एका बोटीच्या मालाच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. पण रोज आहे, वर्षानुवर्षं आहे, आणि ती गावातच खर्च होते. न्हावा-उरणमधली कित्येक घरं या किरकोळ रकमेवर उभी राहिली, मुलं शिकली. फक्त ती न्हाव्याला आहे, कारण बेस न्हाव्याला आहे. तुमच्यासमोर रिग उभी राहिली तरी तिच्या बोटी न्हाव्याहूनच सुटण्याची शक्यता जास्त, तिथे टाक्या, सायलो, क्रेन, कस्टम सगळं तयार आहे. दोन विहिरींसाठी कुणी दाभोळच्या खाडीत नवीन बेस बांधत नाही. मोठं फील्ड सापडलं तर बांधू शकतात, ते वेगळं.

म्हणून लॉजचं माझं स्पष्ट मत सांगतो. चर्चेवर आठ गुंठे घेऊ नका. गुहागरचा पर्यटनाचा धंदा बघून हिशोब बसत असेल तर जरूर घ्या, तेलवाले येणार म्हणून नको. तुमच्या भागाने एन्रॉन बघितलंय, अंजनवेलला त्यांच्या वीज प्लांटचं काम चालू होतं तेव्हा खोल्यांना काय भाव होता आणि २००१ मध्ये प्लांट बंद पडल्यावर काय झालं हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे तर प्लांट डोळ्यासमोर उभा होता तरी असं झालं, इथे अजून समुद्रात भोकसुद्धा पडलेलं नाही.

आता मच्छीमार. त्यांची भीती खोटी नाही पण ती दोन तुकड्यांत बघायला हवी. प्लॅटफॉर्म किंवा रिगभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो, आत जायचं नाही. एका प्लॅटफॉर्मने फार फरक पडत नाही, पण प्लॅटफॉर्म, पाइपा आणि तळाला पडलेला भंगार असं जाळं वाढत गेलं की ट्रॉलर आणि डोलवाल्यांची (डोल जाळी लावणाऱ्यांची) जागा खरंच आक्रसते, जाळी अडकून फाटतात. त्यात मासा प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती जमतो हे सगळ्या तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) माहीत, त्यामुळे बोटी जवळ जातात आणि मग गस्तीच्या बोटीशी वाद.

सेस्मिकचा त्रास वेगळा. सर्व्हेला शांत समुद्र लागतो, म्हणजे ऑक्टोबर ते मे. मासेमारीचा हंगाम कुठला? तोच. दोघांना एकच महिने हवेत. सर्व्हे जहाजाची केबल तोडली गेली तर नुकसान कोट्यवधींचं, म्हणून बोटींना बाजूला व्हायला सांगतात आणि हंगामातले आठवडेच्या आठवडे जातात. आवाजाने मासा पळतो का, तर नॉर्वेत नव्वदच्या दशकात कॉड आणि हॅडकवर अभ्यास झाला होता त्यात सर्व्हेच्या भागात आणि आजूबाजूलाही पकड बरीच घटलेली दिसली. आपल्या बोंबील-पापलेटला तेच गणित किती लागू पडतं ते पाण्याच्या खोलीवर आणि जातीवर आहे. पण "काही होत नाही" असं सांगायला जो येईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

यात मच्छीमारांनी काय करावं? सर्व्हे जहाजासोबत चेज बोटी लागतात, इतर बोटींना लांब ठेवायला, आणि त्या बऱ्याचदा स्थानिक मच्छीमार बोटीच भाड्याने घेतात. मच्छीमार सोसायटीने आधीच पत्र देऊन ठेवावं की चेज बोटी आमच्या सभासदांच्या घ्या आणि पाळीपाळीने घ्या. नाहीतर होतं काय की एखादा पुढारी आपल्या चार बोटी लावतो, त्याची वर्षाची कमाई होते आणि बाकीचे किनाऱ्यावर बसून राहतात. दुसरं म्हणजे आत्तापासून लँडिंगची (किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीची) नोंद ठेवा, कुठल्या महिन्यात कुठल्या भागात किती माल मिळाला, डिझेल किती जळलं, लिलावाच्या पावत्या. नुकसानभरपाई मागताना "आमचं नुकसान झालं" याला ऑफिसात शून्य किंमत असते, तीन हंगामांच्या पावत्यांना असते.

बाहेरच्या देशांत काय करतात असंही तुम्ही विचारलंय. नॉर्वेची सगळे उदाहरणं देतात, तेलाच्या पैशाचा देशाने साठवलेला फंड वगैरे, पण तो देशाच्या पातळीवरचा मामला आहे, गावाला त्यातून शिकण्यासारखं कमी. मला पटतं ते शेटलंडचं. स्कॉटलंडच्या वरची छोटी बेटं, मासेमारी आणि मेंढ्या हा धंदा. सत्तरच्या दशकात नॉर्थ सीचं तेल सापडलं तेव्हा पाइप सलम व्हो या खाडीत उतरवायचं ठरलं, आणि तिथल्या कौन्सिलने कंपन्या येण्याआधीच, १९७४ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटकडून स्वतःसाठी खास कायदा करून घेतला. त्यामुळे जमीन आणि बंदर कौन्सिलच्या ताब्यात राहिलं आणि होणाऱ्या त्रासाबद्दल कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांनी वेगळा स्थानिक निधी उभा केला. रस्ते, क्रीडा केंद्रं, म्हाताऱ्यांची सोय त्यातून झाली. तेल त्यांचं नव्हतंच, रॉयल्टी लंडनलाच जात होती, अगदी आपल्यासारखीच. त्यांच्या हातात किनारा होता आणि त्यांनी त्याची किंमत वेळेवर मागितली. उलट गयानात बघा, २०१५ मध्ये प्रचंड तेल सापडलं, २०१९ च्या शेवटी उत्पादन सुरू झालं, पण करारात रॉयल्टी फक्त २ टक्के आणि कंपनीने आधी खर्च वसूल करायचा अशी अट. स्थानिकांना कामं द्यायचा कायदा २०२१ मध्ये आला, म्हणजे तेल सुरू झाल्यावर दोन वर्षांनी.

आपल्याकडे ग्रामपंचायत शेटलंडसारखा कायदा काही आणू शकत नाही, हे मान्य. पण पाइप जमिनीला लागतो तिथे सीआरझेडची (किनारपट्टीच्या नियमांची) परवानगी लागते, जागा लागते, रस्ता लागतो, आणि तिथे तुमचं वजन आहे. एक लक्षात ठेवा, २०२० च्या जानेवारीत नियम बदलला, शोधासाठीच्या ड्रिलिंगला आता मोठा पर्यावरण अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही. त्यामुळे पहिल्या टप्प्यात तुम्हाला कुणी विचारायला येईल याची वाट बघू नका. उत्पादनाचा टप्पा आला तर मात्र ती प्रक्रिया आहे, आणि किनाऱ्यावर प्लांट येणार असेल तर नक्कीच. तेव्हा मागण्या लेखी, मोजता येतील अशा द्या. "स्थानिकांना प्राधान्य" हे वाक्य मी इतक्या कागदांवर वाचलंय की आता हसू येतं. त्याऐवजी ट्रेड (फिटर, वेल्डर वगैरे) लिहा, किती जागा, किती वर्षं, ट्रेनिंगचा खर्च कुणाचा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये कारखान्याने करांऐवजी ठोक रक्कम द्यायची सोय आहे, ती रक्कम घाईत ठरवू नका, एकदा कमी ठरली की वर्षानुवर्षं तीच डोक्यावर बसते. सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चावर, फार भिस्त ठेवू नका. नफ्याच्या २ टक्के वगैरे खरंय, पण कंपनी देशभर असेल तर तो पैसा देशभर जातो, तुमच्या वाट्याला रुग्णवाहिका आणि शाळेला बेंच.

जमीन आणि प्रकल्पग्रस्तांच्या बाबतीत उरण तालुक्याने काय किंमत मोजलीये ते १९८४ च्या जासई-दास्तानफाट्याच्या आंदोलनावरून कळतं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. ते नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीचं होतं, तेलाचं नाही, पण आमच्याकडे कुठलाही प्रकल्प आला की लोक आधी कागद मागतात ते त्यामुळेच.

छोट्या धंदेवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण ही मी डोळ्यांनी बघितलीये. मोठा कॉन्ट्रॅक्टर काम घेतो, तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि गावातला मुलगा कर्ज काढून बोलेरो घेतो आणि तिसऱ्याकडे लावतो. काम संपतं, तिसरा फोन उचलत नाही, बँकेचा हप्ता चालूच. अशा गाड्या आमच्याकडे ओढून नेलेल्या बघितल्यात. तर गाडी लावायची असेल, खानावळ चालवायची असेल तर आधी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) करा, वर्क ऑर्डर स्वतःच्या नावावर घ्या, तोंडी नको. रजिस्टर्ड छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायला कायद्याने बांधील आहेत, नाही दिलं तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. सरकारी कंपनी असेल तर तिला खरेदीतला २५ टक्के हिस्सा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो आणि टेंडरला अनामत रकमेची सूट मिळते. खासगी ऑपरेटर असेल तर हा २५ टक्केवाला नियम नाही, तिथे ओळख आणि कामाचा दर्जा.

आता मुलाचं. इथे मी सगळ्यात जास्त आशावादी आहे, कारण त्याच्या नोकरीचा तुमच्या समोरच्या समुद्रात तेल सापडण्याशी काही संबंध नाही. मुंबई हाय आहेच, तिथल्या जुन्या प्लॅटफॉर्मची दुरुस्ती हे न संपणारं काम आहे. फिटर झाल्यावर ओएनजीसीची (मुंबई हाय चालवणारी सरकारी तेल कंपनी) अप्रेंटिसशिप भरायची, दरवर्षी निघते, मुंबई, उरण, गोवा अशी सेंटर असतात. वर्षभराची असते, पर्मनंट करतील या आशेने करू नका, पण त्या सर्टिफिकेटला कॉन्ट्रॅक्टरकडे किंमत आहे. त्यावर एखादं कौशल्य चढवलं पाहिजे. सिक्स-जी वेल्डिंग (तिरप्या पाइपचं अवघड वेल्डिंग), रिगिंग (जड सामान बांधून उचलणं), स्कॅफोल्डिंग (परांची बांधणं), इन्स्ट्रुमेंट, क्रेन, यातलं एक. नुसता फिटर खूप आहेत. समुद्रात जायला बेसिक सेफ्टीचं ट्रेनिंग लागतं, त्यात हेलिकॉप्टर पाण्यात उलटं झालं तर बाहेर कसं पडायचं ते तलावात शिकवतात, गोव्यात बेतूलला ओएनजीसीची सेफ्टीची मोठी संस्था आहे. बोटीवर जायचं असेल तर वेगळी वाट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि त्याचे कोर्स, आणि एजंट आरपीएसएल लायसन्सवाला (खलाशी भरतीचा सरकारी परवाना असलेला) आहे का ते डीजी शिपिंग या केंद्राच्या जहाज खात्याच्या साइटवर तपासल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. रत्नागिरी-रायगडची पोरं यात फार फसतात.

काम कसं असतं तेही त्याला खरं सांगा. कंपनीचा माणूस १४ दिवस वर, १४ दिवस घरी. कॉन्ट्रॅक्टचा माणूस महिना, कधी दोन महिने वर, रोज बारा तास, पगार निम्म्याहून कमी, आणि बार्जवर (कामगारांच्या राहण्याच्या सपाट तरंगत्या जहाजावर) राहणं. २००५ च्या जुलैमध्ये मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळाला, २२ माणसं गेली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाली आणि सोबतची टग, ८० च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक अशीच कॉन्ट्रॅक्टवरची. म्हणून त्याला सांगा, पहिल्या नोकरीत पगार विचारायच्या आधी विमा किती आणि पीएफ कुणाच्या नावाने भरतात ते विचार. वर गेल्यावर लाइफ जॅकेट आणि आपली मस्टर स्टेशनची (धोक्याच्या वेळी जमायची) जागा पहिल्या तासात बघून ठेव, जेवण नंतर.

तुमच्या प्रश्नात एक माहिती नाहीये, ब्लॉक (शोधासाठी आखलेला समुद्राचा तुकडा) नक्की कुठला. किनाऱ्यापासून किती लांब आणि पाण्याची खोली किती यावर बरंच अवलंबून आहे. उथळ पाण्यात, शंभरेक मीटरपर्यंत, जॅक-अप रिग (तळाला पाय टेकवून उभी राहणारी) आणि तळावर उभे प्लॅटफॉर्म आणि मग किनाऱ्यापर्यंत किंवा जवळच्या जुन्या फील्डपर्यंत पाइप असं होतं. खोल पाण्यात सापडलं तर तेल तिथेच जहाजावर साठवून टँकरने उचलूनही नेता येतं, मग किनाऱ्याला काहीच लागत नाही, ना त्रास ना फायदा. तहसीलदार ऑफिसात किंवा मत्स्य विभागाकडे सर्व्हेची सूचना आली असेल तर त्यात अक्षांश-रेखांश असतात. त्याचा फोटो इथे टाका, समुद्राच्या नकाशावर मांडून पाणी किती आहे आणि सगळ्यात जवळचा प्लॅटफॉर्म कुठला ते मी बघून सांगतो, आणि तोपर्यंत भावाला म्हणावं बयाणा देऊ नको.